बुटक्या गाडीच्या बाजूने

ताम्हिणीच्या अलीकडे, मुळशीच्या पाण्याकडे तोंड करून एक चहाची टपरी आहे. रविवारी सकाळी सहा-साडेसहाला तिथे गाडीवेडी मंडळी जमतात. गेल्या रविवारी दोन गाड्या शेजारीशेजारी लागल्या होत्या. एक चंदेरी होंडा सिटी व्हीटेक, २००२ ची. दारांच्या कडांना रंग उडालेला, पण टायर नवेकोरे. दुसरी लाल बीएमडब्ल्यू झी-फोर. दोन दारं, दोन माणसं, उघडणारं छत. सिटीवाले काका साठीचे. लाल गाडीवाला मुलगा पंचविशीचा, वडिलांची गाडी घेऊन आलेला.

“काका, गाडी मस्त ठेवलीय तुम्ही. पण शेवटी सेडान ती सेडान. शंभरला किती सेकंद घेते?”

“अरे, शंभरचं सोड. तुझ्या गाडीत मागे बसणार कोण? उद्या आईला देवाला न्यायचं झालं तर?”

“देवाला जायला ओला आहे ना काका!”

“मग फिरायलाही ओलाच कर की.”

चहा संपेपर्यंत हेच चाललं. दोघंही गाडीवर जीव टाकणारे, आणि दोघांचंही म्हणणं मला पटलं नाही. एकाने सेकंद मोजले, दुसऱ्याने माणसं मोजली. दोन्ही गाड्यांत जे सारखं आहे ते कुणीच मोजलं नाही. दोन्ही गाड्या बुटक्या आहेत. दोन्हींत शिरताना माणसाला वाकावं लागतं, आणि एकदा बसलं की रस्ता जवळ येतो. अशी गाडी आज रस्त्यावर शोधावी लागते. घराला आग लागलेली असताना भावाभावांनी कुंपणावरून भांडावं, तसं हे सेडानवाले आणि स्पोर्ट्सवाले भांडत बसले आहेत.

सेडान म्हणजे संसार आणि स्पोर्ट्स कार म्हणजे शौक, अशी वाटणी करणाऱ्यांनी आधी कुळ बघावं.

१९४८ च्या ऑक्टोबरात लंडनच्या मोटार प्रदर्शनात जॅग्वारची एक्सके १२० उभी राहिली. लांब नाक, दोन आसनं, आणि अंकाला साजेसा वेग. जगभरच्या स्पोर्ट्स कारवाल्यांची ती आजही लाडकी आहे. पण तिच्या पोटातलं सहा सिलिंडरचं एक्सके इंजिन स्पोर्ट्स कारसाठी बनलंच नव्हतं. जॅग्वारला मोठी, भारदस्त सेडान काढायची होती. महायुद्धात कोव्हेंट्रीच्या कारखान्यावर रात्रीच्या आगीच्या पहाऱ्याला बसताना अभियंत्यांनी त्या इंजिनाच्या गप्पा रंगवल्या, त्या सेडानसाठी. सेडान वेळेत तयार होईना, म्हणून इंजिन लोकांना दाखवायला एक दोन आसनी गाडी घाईने बांधली. लोक तिच्यावरच तुटून पडले. सेडान, मार्क सेव्हन, १९५० ला आली. पुढे तेच इंजिन ३.८ लिटरचं होऊन मार्क टू सेडानमध्येही बसलं आणि १९६१ च्या ई-टाइपमध्येही. एकाच चुलीवरचं जेवण दोन ताटांत वाढलं.

जपानकडे या. १९६४ च्या मे महिन्यात सुझुकाच्या ट्रॅकवर प्रिन्स कंपनीने एक चार दारी स्कायलाइन उतरवली. मूळ गाडीत छोटं इंजिन होतं. त्यात सहा सिलिंडरचं मोठं इंजिन बसेना, म्हणून कंपनीने गाडीचं नाकच २० सेंटीमीटर लांबवलं. समोर होती पोर्शे ९०४, खास शर्यतीसाठी घडवलेली. एका फेरीत तेत्सु इकुझावाने चालवलेली स्कायलाइन त्या पोर्शेच्या पुढे गेली. एकच फेरी. शर्यत पोर्शेनेच जिंकली. पण घरची सेडान पोर्शेला मागे टाकताना लोकांनी डोळ्यांनी पाहिली आणि जपानची एक आख्खी पिढी गाडीवेडी झाली. प्रिन्स निस्सानमध्ये विलीन झाली आणि १९६९ ला पहिली स्कायलाइन जीटी-आर निघाली. आज ज्या तीन अक्षरांचे पोस्टर मुलं भिंतीवर लावतात, त्या जीटी-आरला पहिल्या जन्मी चार दारं होती. दोन दारांची नंतर आली, १९७० ला.

तिसरं उदाहरण उलट्या दिशेचं. बीएमडब्ल्यूची एम-वन ही मधोमध इंजिन असलेली, जमिनीला टेकलेली गाडी. तिचं इंजिन थोडं सुधारून १९८४ ला कंपनीने पाच जणांच्या साध्यासुध्या फाइव्ह सिरीजमध्ये बसवलं आणि पहिली एम-फाइव्ह झाली. ३.५ लिटर, २८६ अश्वशक्ती. बाहेरून पाहिली तर बँकेच्या मॅनेजरची गाडी वाटावी.

आणि आपल्याकडे बघायचं तर आपली काळी-पिवळी. प्रीमियर पद्मिनी म्हणजे इटलीची फियाट ११००. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ती बनू लागली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. तेव्हा सगळ्यांनी गळा काढला आणि आठवणी लिहिल्या. त्या ११०० च्याच घराण्यात १९५५ ला फियाटने एक उघडी, दोन आसनी गाडी काढली होती. इंजिन तेच १०८९ सीसीचं, थोडं तापवलेलं. म्हणजे दादर स्टेशनबाहेर मीटर पाडून उभी राहणारी ती टॅक्सी एका स्पोर्ट्स कारची सख्खी बहीण होती. मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर याच फियाट शर्यतीत धावायच्या. सेडानला नाकं मुरडणाऱ्यांनी हे एकदा मनात धरावं.

आता स्पोर्ट्स कारचं देणं तिला देऊ या. ते दिलंच पाहिजे.

दोन दारी गाडीत काय वेगळं असतं? फुगडी आठवा. हात लांब असतील तर गिरकी सावकाश येते. हात आखडून अंग जवळ घेतलं की गिरकी वाढते. गाडीचंही तसंच. इंजिन, माणसं, पेट्रोलची टाकी, हे सगळं वजन गाडीच्या मध्याजवळ गोळा केलं तर गाडी वळायला चटकन तयार होते. दोन टोकांना विखुरलं तर ती आढेवेढे घेते. स्पोर्ट्स कारमध्ये मागची सीट नसते, चाकांमधलं अंतर कमी असतं, माणूस जवळजवळ गाडीच्या मध्यावर बसतो. म्हणून स्टिअरिंगला बोट लावलं की नाक वळतं. यात पैशाचा आणि नावाचा काही संबंध नाही. ही रचना आहे.

याचं सगळ्यात प्रामाणिक उदाहरण माझ्या मते मझ्दाची एमएक्स-फाइव्ह. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोला दाखवली. इंजिन १.६ लिटर, अश्वशक्ती ११६, वजन एक टनाहून कमी. मझ्दाच्या लोकांनी डोळ्यासमोर एकच कल्पना ठेवली होती, घोडा आणि स्वार एकजीव. जपानीत त्याला ते जिन्बा इत्ताई म्हणतात. २०१६ ला दहा लाखावी एमएक्स-फाइव्ह कारखान्यातून बाहेर पडली. उघड्या छताच्या दोन आसनी स्पोर्ट्स कारमध्ये जगात एवढं गिऱ्हाईक दुसरीला मिळालेलं नाही.

आता त्या मुलाच्या सेकंदांकडे येतो. आज पुण्याच्या वेशीवर, चाकणला, फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हिया या दोन सेडान बनतात. दीड लिटरच्या टर्बो इंजिनात १५० अश्वशक्ती, वजन साधारण सव्वा टन. हिशेब करा. दर टनामागे १२० च्या आसपास. एमएक्स-फाइव्हचाही तोच आकडा येतो. कागदावर दोन्ही सारख्या. म्हणून त्या सारख्या आहेत का? मुळीच नाही. एक छप्पर उघडून एकट्याने घाट चढायची, दुसरी चौघांना घेऊन कोल्हापूरला पोचून अंबाबाईचं दर्शन घेऊन रात्री परत यायची. चालवण्यातली मजा आकड्यात येत नाही, आणि ज्याला गाडीत फक्त आकडा दिसतो त्याने गाडी अजून पाहिलेली नाही. शंभरला किती सेकंद लागतात हे सिग्नलवर कळतं. गाडी कशी आहे हे तिसऱ्या गिअरमध्ये, लांब वळणावर, हातातल्या स्टिअरिंगमधून कळतं.

आणि सेडानचा गुण तो काय, हे काकांनीही नीट सांगितलं नाही. मागच्या सीटवर आई बसते, हा सोयीचा मुद्दा झाला. खरा गुण घडणीत आहे. तीन डबे: पुढे इंजिन, मध्ये माणसं, मागे डिकी. मागच्या सीटमागे पूर्वापार पत्र्याची भिंत असते. ती गाडीचा सांगाडा ताठ ठेवते आणि मागच्या चाकांचा, सामानाचा आवाज आत येऊ देत नाही. बसायची जागा खाली, त्यामुळे गुरुत्वमध्य खाली. वळणावर बाहेरच्या चाकांवर किती भार पडतो ते या उंचीवर ठरतं. उंची कमी असली की गाडी कमी कलंडते, आणि कमी कलंडते म्हणून स्प्रिंग दगडासारखे कडक करावे लागत नाहीत. म्हणजे चालवणाऱ्याला पकड आणि मागे बसलेल्याला झोप, दोन्ही एकाच गाडीत. हे अवघड काम आहे. दोन माणसांना खूश करणं सोपं, चौघांना खूश करून पाचव्याला, म्हणजे चालवणाऱ्याला, आनंद देणं अवघड.

हे अवघड काम करायला लोकांनी काय काय केलं आहे! १९९० च्या मर्सिडीज ५०० ई साठी रुंद चाकं आणि फुगीर मडगार्ड लागले. ती गाडी मर्सिडीजच्या आपल्याच कारखान्याच्या ओळीत मावेना. मग काम पोर्शेला दिलं. गाडी दोन कारखान्यांमध्ये ये-जा करत तयार व्हायची आणि एकेका गाडीला १८ दिवस लागायचे. पोर्शेच्या माणसांनी हाताने जोडलेली मर्सिडीजची टॅक्सी म्हणा हवं तर, कारण त्याच मॉडेलच्या साध्या गाड्या जर्मनीत टॅक्सी म्हणून फिरत होत्या. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये लोटस कार्लटन आली. चार दारं, ३७७ अश्वशक्ती, ताशी २८३ किलोमीटर. वर्तमानपत्रांनी तिच्यावर बंदी घाला म्हणून मोहीम उघडली. १९९३ ला तशीच एक गाडी चोरीला गेली, चोरांनी तिच्यातून दुकानं फोडली, आणि पोलिसांच्या गाड्यांना ती काही सापडेना. पाच सीटच्या, डिकीवाल्या गाडीने एक देश हादरवला. मग सेडानला कंटाळवाणी म्हणणाऱ्याने जरा जपून बोलावं.

आपल्याही वाट्याला चांगल्या सेडान आल्या. १९९० ची मारुती १००० दारात उभी राहिली की गल्लीतली पोरं काचेला नाक लावून मीटर बघायची. १९९८ ला होंडा सिटी आली आणि २००० ला तिचं १०६ अश्वशक्तीचं व्हीटेक. २००१ ला औरंगाबादच्या कारखान्यातून स्कोडा ऑक्टेव्हिया निघाली आणि दार बंद झाल्याचा “धप्” हा आवाज मध्यमवर्गाला पहिल्यांदा कळला. २०१० ला रांजणगावच्या फियाटच्या कारखान्यातून लिनिया टी-जेट आली. १.४ लिटरचं टर्बो इंजिन, ११४ अश्वशक्ती, स्टिअरिंग असं की हातात रस्ता द्यावा. तिच्यावर प्रेम सगळ्यांनी केलं. शोरूममध्ये जाऊन विकत फार थोड्यांनी घेतली.

दुखणं इथेच आहे.

कोरोला अल्टिस २०२० ला गेली. त्याच वर्षी सिव्हिक गेली. २०२३ ला ऑक्टेव्हिया गेली, २०२५ ला सियाझ गेली. प्रत्येक वेळी शौकिनांनी हळहळ व्यक्त केली, फोटो टाकले, “एक युग संपलं” असं लिहिलं. आणि त्यांच्यातल्या किती जणांच्या दारात त्या दिवशी नवी सेडान होती? दारात उंच गाडी, एसयूव्ही, होती. आज देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांत निम्म्याहून जास्त उंच गाड्या आहेत. कारखाना हळहळीवर चालत नाही, बुकिंगवर चालतो. ज्याने बुकिंग केलं नाही त्याने श्राद्धाला रडू नये.

उंच गाडी घेणाऱ्या सगळ्यांना मी बोल लावणार नाही. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांच्या गावाला शेवटचे चार किलोमीटर खडीचे आहेत, त्यांना ती लागते. त्यांनी ती घ्यावी आणि सुखात बसावं. माझा प्रश्न बाकीच्यांना आहे. कोथरूड ते हिंजवडी एकट्याने जाणाऱ्याला जमिनीपासून हात-दीड हात वर बसून काय दिसतं? पुढच्या उंच गाडीची मागची काच. आणि बॉनेटच्या आड, अगदी पुढ्यात उभं असलेलं लहान मूल दिसत नाही.

सरकारचा वाटाही सांगितला पाहिजे. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाडीची व्याख्या झाली: लांबी ४ मीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. अशा गाडीवर अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ टक्के झाला. हेतू चांगला होता, घरोघरी गाडी यावी. पण रेघ पडली ती लांबीवर, आणि सेडानला डिकी असते. मग डिक्या छाटायला सुरुवात झाली. २००८ ला टाटांनी इंडिगोची डिकी आखडून ४ मीटरच्या आत बसवली. डिझायर २००८ ला आली तेव्हा ४१६० मिलिमीटर होती, २०१२ ला ती ३९९५ ची झाली. साडेसोळा सेंटीमीटर कापले ते कुठल्याही अभियंत्याच्या मनात आलं म्हणून नव्हे, करखात्याच्या फुटपट्टीसाठी. ज्या गाडीचं सगळं रूप नाकापासून शेपटीपर्यंतच्या एका रेषेत असतं, तिची शेपटीच तोडली.

ती रेघ अजून आहे. सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाडीला जीएसटी १८ टक्के, बाकी पेट्रोल-डिझेल गाड्यांना ४०. आता हे बघा. स्लाव्हियाचं छोटं इंजिन ९९९ सीसीचं आहे. मर्यादा १२०० ची. इंजिन मर्यादेत, पण गाडी साडेचार मीटर लांब, म्हणून ४० टक्के. तिच्याशेजारी ३९९० मिलिमीटर लांबीची, १२०० सीसीची उंच गाडी उभी करा. तिला १८. अर्ध्या मीटर डिकीसाठी २२ टक्के जादा. उंच गाडी वारा जास्त कापते आणि वळणावर जास्त कलंडते, तरी कर कमी तिला. कर लावायचा तर वजनावर लावा, धुरावर लावा, किती पेट्रोल पिते त्यावर लावा. डिकीने कुणाचं काय वाईट केलं आहे?

आता सगळ्यात जवळची गोष्ट. “सेडान आपल्या रस्त्यांना चालत नाही, खालून घासते.” हे वाक्य प्रत्येक शोरूममध्ये ऐकू येतं. मीही ते वीस वर्षं निमूट ऐकलं. मागे आई, मावशी, दोन मुलं, डिकीत सामान, आणि गतिरोधक आला की मी गाडी थांबवायचो. “उतरा जरा.” सगळे उतरायचे. आई पदर सावरत कडेने चालत पलीकडे जायची, मी रिकामी गाडी तिरकी करून काढायचो, मग सगळे पुन्हा बसायचे. एका प्रवासात पाच वेळा. सहाव्या वेळी आई म्हणाली, “मी आता उतरत नाही, घासू दे तुझी गाडी.”

मागच्या महिन्यात मी मुलीची फुटपट्टी घेतली, एक सरळ लाकडी पट्टी घेतली आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेला गतिरोधक मोजला. उंची १८ सेंटीमीटर. रुंदी जेमतेम दोन फूट. डांबराचा ढीग टाकून फावड्याने थापलेला. त्याच्या माथ्यावर घासल्याचे चकाकते ओरखडे होते, एकावर एक, कितीतरी गाड्यांचे.

इंडियन रोड्स काँग्रेसचं यासाठी मानक आहे. ताशी २५ किलोमीटरसाठीचा गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, त्याची कमान १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाची. शाळेतली भूमिती लावली. पुढच्या आणि मागच्या चाकांत २.६ मीटर अंतर असलेली गाडी अशा कमानीवर उभी राहिली, तर तिच्या पोटाखाली रस्ता ५ सेंटीमीटर वर येतो. फक्त पाच. आजच्या सेडानचं पोट जमिनीपासून १६ ते १८ सेंटीमीटरवर असतं. म्हणजे पाच माणसं, डिकीत सामान, वर आंब्याची पेटी ठेवली तरी मोकळी जाईल. कित्येक स्पोर्ट्स कारही जातील. गतिरोधक मानकाप्रमाणे असेल तर.

तेव्हा गाडी बुटकी नाही. ढीग उंच आहे. रस्ता चुकीचा बांधायचा आणि मग त्याला पुरेल एवढी उंच गाडी विकत घ्यायची, हा रोग सोडून पथ्य बदलण्याचा प्रकार झाला. एकेका घराने चार-पाच लाख जादा मोजले ते दोन फुटांच्या त्या डांबरापायी. आणि तोच ढीग रुग्णवाहिकेतल्या माणसाच्या मोडलेल्या हाडांनाही बसतो, स्कूटरवर मागे बसलेल्या गरोदर बाईलाही बसतो. सेडानवाला आणि स्पोर्ट्सवाला दोघांनी मिळून एखादं काम करायचं असेल तर हे करा. आपल्या वॉर्डातला गतिरोधक मोजा, फोटो काढा, मानक जोडा, अर्ज द्या. मी दिला आहे. उत्तर आलं नाही. महिन्याने पुन्हा देणार.

शौकिनांना आणखी दोन गोष्टी सांगायच्या आहेत, रोखठोक.

एक, घाट हा ट्रॅक नाही. ताम्हिणीत समोरून लाल परी येते, गुरं येतात, भाताची पेंढी डोक्यावर घेतलेली बाई येते. सायलेन्सर कापून पहाटे गावं उठवणाऱ्याने स्वतःला शौकीन म्हणवून घेऊ नये. वेगाची हौस असेल तर कोइम्बतूरला कारी मोटर स्पीडवे आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला ट्रॅक आहे. पैसे भरा, हेल्मेट घाला, तिथे जा. तिथल्या एका दिवसात स्वतःच्या गाडीबद्दल जे कळतं ते घाटातल्या दहा वर्षांत कळत नाही. आधी हे कळतं की गाडी आपल्यापेक्षा चांगली आहे.

दुसरी गोष्ट, साध्या सेडानच्या मागे एमचा किंवा आरएसचा बिल्ला चिकटवू नका. साध्या गाडीला तिचं नाव पुरेसं आहे. त्या पैशात चांगले टायर येतात, ब्रेकचं तेल बदलतं, थकलेले बुश नवे पडतात. दहा वर्षांची सेडान अशी नीट केली की कोरी वाटते. जुन्या बाजारात चांगल्या सेडान आजही उंच गाड्यांच्या मानाने स्वस्तात मिळतात. ज्याच्या खिशात स्पोर्ट्स कारचे पैसे नाहीत, आणि ते आपल्यापैकी जवळजवळ कुणाच्याच नसतात, त्याच्यासाठी स्पोर्ट्स कारचा अर्धा घास या गाडीत आहे. २०१७ ला टाटांनी जिनिव्हाला रेसमो नावाची दोन आसनी गाडी दाखवली, आणि ती बाजारात आलीच नाही. म्हणजे आपल्याला परवडेल अशी देशी स्पोर्ट्स कार नजीक दिसत नाही. सेडान आहे. ती चाकणला बनते आहे, अजून. ती बंद पडली की मग हळहळून उपयोग नाही.

टपरीवर मी शेवटी मध्ये पडलो. म्हटलं, वाद पुरे, किल्ल्या बदला. काका कचरले. मुलगाही कचरला, वडिलांची गाडी होती. पण चहावाल्यानेच काउंटरवरून हाक दिली, “जा की, पहिल्या वळणापर्यंत जाऊन या.” दोघे गेले. वीस मिनिटांनी परत आले.

मुलगा सिटीतून उतरला तेव्हा लगेच बोलला नाही. दार दोनदा उघडून बंद केलं. मग म्हणाला, “काका, हिला सारखं काहीतरी सांगावं लागतं. आणि सांगितलं की ऐकते.”

काका लाल गाडीतच बसून होते. छत उघडं, केस विस्कटलेले. “आईला आणतो एकदा,” ते म्हणाले. “पुढच्या सीटवर बसवून. देशील ना रे?”

“या ना काका. मी चालवतो.”

“तू नाही. मी.”

परतीच्या वाटेला मी त्यांच्या मागे होतो. एका वस्तीपाशी डांबराचा तसाच ढीग होता. सिटी तिरकी झाली, हळू चढली, पोट घासलं. मागून लाल गाडी तिरकी झाली, हळू चढली, पोट घासलं. एक वीसहून जास्त वर्षं जुनी, एक नवी. एकीला चार दारं, दुसरीला दोन. ओरखडा एकाच जागी पडला आणि आवाजही सारखाच आला.